समोर बसून बोला

आमच्या दवाखान्यात कान तपासायची एक बंद खोली आहे. भिंती जाड, दार जाड आणि एकच काचेची खिडकी. आतलं बाहेर ऐकू येत नाही, म्हणून आत गेलेली माणसं बिनधास्त बोलतात. तोही बोलला. करवतीच्या आवाजात जन्म गेलेल्या आपल्या सुतार बाबांना खुर्चीत बसवताना त्याने काचेतून माझ्याकडे चोरून पाहिलं आणि त्यांना म्हणाला, "डोळे सुंदर आहेत हो... पण बाई कडक दिसतेय."

मी माइकचं बटण दाबलं. "कडक आहेच. आता तुम्ही बाहेर या, तपासणी सुरू करायची आहे."

बाहेर आला तो लालबुंद होऊन. कसं ऐकलंत, असं चाचरत विचारलं. ऐकलं नाही, पाहिलं – मी सांगितलं. मी लहान होते तेव्हाच आईला ऐकू येईनासं झालं. ती ओठांवरून बोलणं ओळखायला शिकली, आणि तिच्याबरोबर मीही.

बाबांना कानाचं मशीन दिलं, तर ते पुन्हा तक्रार घेऊन हजर. मशीन चालतंय, पण पोरगा बोलतच नाही म्हणे. चौकशी केली तेव्हा कळलं, त्यांच्या सुतारकामाच्या कारखान्यात दोघांची टेबलं समोरासमोरच्या भिंतींना लावलेली. बाप-लेक दिवसभर एकमेकांकडे पाठ करून राबतात. मी मुलालाच फैलावर घेतलं. मशीन म्हणजे जादूची कांडी नाही, समोर बसून बोला, तोंडावर उजेड येऊ द्या. हे मला कुठल्या कॉलेजने नाही, आमच्या स्वयंपाकघराने शिकवलं होतं.

आणि दवाखान्यानेही घराला काही कमी दिलं नाही. घरात एकटी बसून आई चिडचिडी झाली होती. मी तिला दुपारी दवाखान्यात आणायला लागले. मशीन लावायला लाजणाऱ्यांशी ती गप्पा मारते, आणि रात्री जेवताना कोण कसं रुसून बसलं होतं, त्याच्या नकला करते. आमचं घर पुन्हा हसायला लागलं, ते असं.

तो मात्र अधूनमधून येतच राहिला. टेबलं समोरासमोर लावली म्हणून सांगायला आला. पहिल्याच दिवशी बाबांनी इतक्या चुका काढल्या, की पाठ होती तेच बरं होतं, असं म्हणाला – पण हसत म्हणाला. त्याच्या हातची दारंही आता सुबक होऊ लागली होती. मग तो मशीनचे सेल न्यायला यायला लागला. इतके सेल बाबांना जन्मभर पुरले असते. मी देत राहिले... मलाही तो यायला हवाच होता.

त्याच सुमारास आमच्या डॉक्टरबाईंनी नवी शाखा माझ्यावर सोपवायचं ठरवलं. मामीने कपाळाला हात लावला. याआधी एक स्थळ आलं होतं. त्यांना माझी नोकरी अर्धी हवी होती आणि आई तर अजिबात नको होती. मी नकार दिला होता. मामी म्हणाली, दोन दगडांवर पाय ठेवू नकोस. मी म्हटलं, "मामी, हे दगड नाहीत, माझे दोन पाय आहेत. एक कापून चालू कशी?"

त्याच संध्याकाळी मी त्याच्या कारखान्यात गेले. बाबा घरी गेले होते. तो पायरीवर बसून भुसा झटकत होता. मला पाहिलं आणि उठायचंच विसरला.

"तुम्ही विचारणार आहात, हे मला दिसतंय," मी म्हणाले. "त्याआधी माझं ऐका. नवी शाखा मी घेतेय. आई माझ्याबरोबरच राहील. दोन्हीतलं काहीही कमी होणार नाही. जमत असेल तर विचारा."

मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. जन्मभर लोकांचे ओठ वाचणारी मी, जमिनीवरचा भुसा बघत उभी राहिले. खूप आवडला होता तो मला. नाही म्हणाला असता, तर आतून मोडले असते. पण अट मागे घेतली नसती.

"माझीही एक अट आहे," तो म्हणाला. "बाबांना सोडून मी कुठे येणार नाही. तीच कशी सांगायची, म्हणून इतके दिवस... सेल नेत होतो."

मला आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. माझ्या अटीपुढे त्याचीही काही अट असेल, हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

"चार माणसं एका घरात," तो म्हणाला. "तुमची आई आणि माझे बाबा कडाकडा भांडणार."

"भांडू देत. भांडायला तरी समोरासमोर बसतील."

"म्हणजे... हो?"

"आता तरी 'तू' म्हण," मी म्हणाले आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसले. शाखा पुढच्या महिन्यात सुरू होणार होती. तिची दारं कुणी करायची, ते आम्ही तिथेच ठरवलं.