नकाशातले तळे

चहाचे आधण ठेवायचे, ते उकळेपर्यंत वेणी घालायची आणि बाबांचा पेला त्यांच्या हाताशी ठेवून चपला पायात सरकवायच्या, असा तिचा सकाळचा क्रम ठरलेला होता. बाबा घड्याळे दुरुस्त करत. डोळ्याला भिंग लावून ते खिडकीपाशी बसलेले असत आणि ती निघाली की मान वर न करता विचारत, "आज पाऊस पडणार का?"

"बघून सांगते."

"तूच असं म्हणायला लागलीस, तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

ती एका शाळेत भूगोल शिकवी. शाळा भरण्यापूर्वी विद्यापीठात हवामानशास्त्र, भौगोलिक माहिती प्रणाली आणि सुदूर संवेदन, म्हणजे उपग्रहचित्रे वाचणे, यांच्या प्रमाणपत्र वर्गाला जाई. विभागाच्या मागे तारेच्या कुंपणात हिरवळीचा एक तुकडा होता. तेथे चार पायांवर उभ्या असलेल्या झडपांच्या पांढऱ्या पेटीत तापमापक टांगलेले होते. रोज सकाळी दोन विद्यार्थ्यांनी नोंदी घ्यायच्या आणि दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचे, असा दंडक होता. दुसऱ्याचे वाचून होईपर्यंत पहिल्याने आकडा उच्चारायचा नाही. "ऐकलेला आकडा डोळ्यांना दिसू लागतो," असे सर म्हणत.

त्या सकाळी तिची जोडीदारीण आजारी होती. भुरभुर पाऊस पडत होता आणि पेटीपाशी एक अनोळखी, अतिशय उंच माणूस छत्री न घेता उभा होता. त्याने पेटीचे दार उघडले, आत नजर टाकली आणि खणखणीत आवाजात म्हटले, "एकवीस पॉइंट सहा!"

"सांगून टाकलंत?"

"चुकलं का?"

"दोनदा चुकलं. एक तर मोठ्याने बोललात. आणि वाकला नाहीत. पाऱ्याच्या रेषेत डोळा आणावा लागतो. वरून पाहिलं की आकडा फसवतो."

"मला लहानपणापासून सगळं वरूनच दिसतं..."

"मग आता जरा खाली या."

तो वाकला. त्याच्या कानामागून पावसाचा एक थेंब ओघळत कॉलरमध्ये शिरला. ती तापमापकाकडे पाहत होती. थेंब तिला दिसला, एवढेच.

"एकवीस पॉइंट दोन," तो कुजबुजला आणि लगेच तोंडावर हात ठेवून म्हणाला, "पुन्हा सांगितलं, नाही का?"

तो नगरपालिकेत रस्त्यांची मोजणी करत असे आणि वर्गात नुकताच दाखल झाला होता. वर्गात सगळे त्याला उंट म्हणत आणि तो त्या हाकेला ओ देई. तिची जोडीदारीण बरी होऊन परतली, तेव्हा त्या जोडीदारणीची नोंदीची पाळी दुसऱ्या वाराला लागली होती. ती कोणी बदलून घेतली हे कोणीच विचारले नाही.

पुढे सत्रभर ती दोघे एकत्र नोंदी घेत राहिली. आभाळाचे मनाने आठ भाग करून त्यांतले किती ढगांनी भरले आहेत हे सांगायचे असे. त्यावर त्यांचे दर खेपेला वाजे.

"तीन," ती म्हणे.

"पाच."

"तुम्ही उंच आहात म्हणून ढगांच्या जवळ आहात का?"

"तुम्ही मास्तरीण आहात, म्हणून गुण द्यायला हात आखडता."

हवेतला ओलावा मोजणाऱ्या, ओल्या फडक्याच्या तापमापकाखालची बाटली ती भरे, तेव्हा तो पेटीचे दार धरून उभा राही. त्या दाराला धरण्याची गरज नव्हती. ते उघडले की आपोआप खाली पडून राही. हे दोघांनाही ठाऊक होते.

सत्र संपत आले असताना त्याने एकदा, छत्रीचे पाणी झटकत, सहज सांगितल्यासारखे सांगितले, "डोंगरावरच्या वेधशाळेत निरीक्षक म्हणून निवड झाली माझी. प्रमाणपत्र हातात पडलं की रुजू व्हायचं."

"लांब आहे."

"दिवसाचा प्रवास... वर दोन निरीक्षक लागतात. दुसरी जागा रिकामीच आहे. एकांताला भिऊन कोणी येत नाही."

तिने पर्जन्यमापकातले पाणी मोजपात्रात ओतले. त्यातले थोडे गवतावर सांडले. तिच्या हातून असे पूर्वी कधी झाले नव्हते.

प्रमाणपत्रासाठी प्रत्येकाने उपग्रहचित्रावरून एक नकाशा तयार करायचा होता. त्याने जवळच्या एका माळाचा केला होता. शेते, झाडी, वस्ती आणि मधोमध एक मोठे तळे. संगणकाने तेथला काळा डाग पाणी म्हणून ओळखला होता आणि त्याने त्याला निळा रंग देऊन टाकला होता. चित्र मात्र त्याने माळाच्या हद्दीवर कापून घेतले होते. तिच्याजवळ तेच चित्र अखंड होते. एका दुपारी ती ते चाळत असताना त्याच्या हद्दीबाहेर, कापून टाकलेल्या भागात, तिला एक पांढरा ढग दिसला. ढगाचा आकार अगदी त्या तळ्याचा होता. तळे नव्हतेच, ती त्या ढगाची सावली होती.

बाहेरचे परीक्षक हे पाहताक्षणी ओळखतील, यात तिला शंका नव्हती. मग नकाशा पुढच्या सत्रात पुन्हा करावा लागेल, डोंगरावरची नेमणूक लांबेल आणि तो आणखी एक सत्र येथेच राहील. तिला फक्त गप्प बसायचे होते. काही दिवस ती गप्प बसली. त्या दिवसांत पेटीपाशी तो काही बोलला की ती आकाशाकडे पाही आणि ढगांचा आकडाही सांगताना अडखळे.

शेवटी एका सकाळी ती म्हणाली, "रविवारी तुमच्या तळ्यावर जाऊ या का?"

"सहल?"

"पडताळणी."

माळ कोरडा होता. गुडघ्याएवढे गवत वाऱ्याने एका बाजूला झुकले होते. हातातल्या यंत्रावर जागा बघत तो चालत राहिला, थांबला, मागे आला, पुन्हा थांबला.

"आपण आत्ता तळ्याच्या मध्यावर आहोत," तो हळू आवाजात म्हणाला.

"पोहता येतं ना?"

तो हसला नाही. तिने पिशवीतून अखंड चित्राची छापील प्रत काढली आणि ढगावर बोट ठेवले. त्याने ढग पाहिला, डाग पाहिला आणि तो गवतात मटकन खाली बसला. बसल्यावर तो प्रथमच तिच्यापेक्षा ठेंगणा दिसला.

"उंटावरून शेळ्या हाकल्या मी," तो म्हणाला. "कधी लक्षात आलं तुमच्या?"

"मागच्या आठवड्यात."

"आणि सांगताय आज?"

"हो... नकाशा नापास झाला असता, तर तुम्ही अजून एक सत्र इथे राहिला असता."

बोलून झाल्यावर तिला आपल्याच आवाजाचे नवल वाटले. इतके सरळ वाक्य तिने वर्गातही कधी उच्चारले नव्हते. तो उठू लागला, काही म्हणू लागला, तेव्हा तिने हात पुढे केला.

"थांबा. तुमचं आधी सांगू नका. ऐकलं की मला तेच दिसू लागेल. मला माझं स्वतंत्र वाचू द्या."

एक ढग सूर्यावरून सरकला. सावली माळावरून आली, दोघांना गार करून पुढे निघून गेली. तो काहीच बोलला नाही. दंडक त्याने प्रथमच पाळला होता.

त्याने तळे पुसले, गवताचा रंग भरला आणि तो उत्तीर्ण झाला. तीही झाली. तो निघाला त्या सकाळी तिने नेहमीसारखी नोंद घेतली आणि शाळेत जाऊन वारे शिकवले.

त्यानंतरचे काही आठवडे बाबांना तिचा चहा कधी अगोड, कधी दुप्पट गोड लागला. एका संध्याकाळी भिंग काढून त्यांनी विचारले, "काय बिघडलंय? काटा की स्प्रिंग?"

तिने सगळे सांगितले.

"लग्नाचं विचारलं त्याने?"

"मी विचारू दिलं नाही."

"शहाणीच आहेस! आणि आता अडलंय कुठे?"

"शाळा... आणि तुम्ही."

"शाळा रजा देते. आणि मला काय कुणी उचलून नेणार आहे? दादा आहे, वहिनी आहे. वहिनीचा चहा तुझ्यापेक्षा बरा असतो. आजवर बोललो नाही, इतकंच."

"बाबा!"

"तुला जायचंय का, एवढं सांग."

"बघून सांगते," ती म्हणाली. पण त्याच रात्री तिने डोंगरावरच्या त्या दुसऱ्या जागेसाठी अर्ज लिहिला आणि सकाळी शाळेच्या वाटेवर टपालपेटीत टाकला. नेमणूक आली. तिने रजा घेतली, सामान बांधले आणि दादाने तिला बसमध्ये बसवून दिले. डोंगरावर तिने काहीच कळवले नाही.

डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीवर उतरून, रात्र तिथल्या विश्रामगृहात काढून, दुसऱ्या दिवशी ती नोंदीच्या वेळेला वर पोहोचली. धुक्यात तशीच पांढरी पेटी उभी होती. तो पेटीसमोर गुडघ्यांत वाकून, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणून वाचत होता. पावलांचा आवाज ऐकून तो वळला. त्याचे ओठ हलले.

"आकडा सांगू नका," ती म्हणाली.

तिने सामान गवतावर ठेवले, त्याच्या शेजारी उभी राहून तापमापक वाचला आणि मग ओल्या फडक्याखालची बाटली भरायला घेतली. त्याने पेटीचे दार धरून ठेवले.