थॉमसकाकांचा राहिलेला पाईप

नगरहून देवळालीला मयतीला जायचं म्हणजे काही मोठं काम नव्हे. बेंजामिन सरांनी पांढरा शर्ट चढवला, वाटेत हार घेतला आणि गाडी राहुरीच्या रस्त्याला लावली. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा हा गृहस्थ एरवी सख्ख्यांच्या मयतीलाही उशिरा पोचणारा. पण आज पेटीत थॉमसकाका होते, आणि थॉमसकाकांपाशी तो पाईप होता.

पाईपचं वेड ज्याला असतं त्यालाच कळतं, बाकीच्यांच्या लेखी नुसता धूर. सरांच्या काचेच्या कपाटात इटलीचे पाईप होते, आयर्लंडचे होते. एकेकाची किंमत ऐकून एस्तेरने, म्हणजे त्यांच्या बायकोने, कपाटाकडे बघणंच सोडलं होतं. तरी ते अख्खं कपाट काकांच्या एका पाईपपुढे फिकं. काका साखर कारखान्यात फिटर. यंत्रं बसवायला आलेल्या डेन्मार्कच्या इंजिनिअरने जाताना स्वतःचा पाईप त्यांच्या हातावर ठेवला होता. ब्रायरच्या लाकडाचा, हाताने घडवलेला, बुडापासून काठापर्यंत रेषा अशा सरळ की तेल लावून विंचरल्यासारख्या. तो मागून मागून सरांच्या तोंडाला फेस आला होता. काका हसून म्हणायचे, "मी हाय तवर न्हाई. आन् मी गेल्यावं बी न्हाई."

म्हातारा शब्दाचा पक्का निघाला. पेटीत निजलेल्या काकांच्या कोटाच्या खिशातून पाईप डोकावत होता. उशाशी बसलेल्या रेबेकाकाकू येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "निम्मा वढून झाला हुता बघा, आन् मान टाकली. म्हनलं, ऱ्हायल्याला तिकडं वढतील. म्हून तसाच ठिवलाय खिशात."

चर्चचे पाळक प्रार्थना म्हणत होते. लोकांचे डोळे मिटलेले, सरांचे उघडे. हे लाकूड मातीत कुजणार या विचाराने त्यांच्या पोटात तुटलं. माणसासाठी तुटलं नाही, लाकडासाठी तुटलं. हौस अशी निर्लज्ज असते.

झाकण ठोकायचं काम काकांच्या पुतण्याकडे, जोसेफकडे होतं. सरांनी त्याला घरामागे नेलं आणि त्याच्या मुठीत नोटा कोंबल्या.

"काकूला कळलं तर..." जोसेफ पुटपुटला.

"झाकण लागल्यावर कोण बघतंय?"

खरंच कुणी बघितलं नाही. पेटी उचलली तेव्हा काकांचा खिसा रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर गॅलरीत पाईप घेऊन बसले. जुना पाईप हाती आला की आधी तो रिकामा करायचा, आतली काजळी खरवडायची, स्पिरिटने धुवायचा. शौकीन माणूस हे चुकत नाही. पण पाईपच्या वाटीत निम्मी तंबाखू तशीच होती. काका ती स्वतः मुरवायचे, गूळ घालून, आणि कृती कुणाला सांगितलेली नव्हती. ही चव आता जगात एवढीच उरली होती. सरांना राहवेना. त्यांनी काडी ओढली आणि मेलेल्या माणसाच्या तोंडची तंबाखू पेटवली.

पहिला झुरका गोड लागला. दुसऱ्याला ओल्या मातीचा वास आला. तिसऱ्याला पाईपनेच झुरका घेतला. सरांच्या छातीतला वारा नळीतून उलटा खेचला जात होता... सावकाश, चवीने... पाईप काढायला त्यांनी हात लावला, पण दात नळीवर घट्ट आवळलेले. जबडा उघडेना. वाटीतला निखारा उजळत होता, मंद होत होता, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. शेवटचं पान जळून राख झालं तेव्हाच पाईप तोंडातून सुटला.

एस्तेर धावत आली तेव्हा सर फरशीवर पडले होते, ओठ निळे. तेव्हापासून त्यांना श्वास निम्माच यायचा. छाती भरत आली की मध्येच कुणीतरी बाकीचा काढून घ्यायचं. डॉक्टरांनी सगळं तपासून फुफ्फुसं स्वच्छ असल्याचं सांगितलं. एस्तेर रागाने आणि भीतीने रडली. "ज्याचं आहे त्याला देऊन या," ती म्हणाली. "मला तुम्ही पाहिजे आहात, हे लाकूड नको."

भर उन्हात सर देवळालीला आले. पाईप बघून रेबेकाकाकूंनी ना आरडाओरडा केला, ना बसा म्हणाल्या. खुरपं घेतलं आणि पुढे चालू लागल्या. दफनभूमीच्या कडेला ऊस उभा होता, हिरवागार. ताज्या मातीपाशी त्यांनी खुरपं सरांच्या अंगावर टाकलं. सरांनी धापा टाकत खड्डा केला, पाईप पुरला, माती लोटली.

"काकू, चुकलं माझं... दिला परत."

"पाईप दिला. त्यातली तंबाखू?"

सरांनी मान खाली घातली. "ओढली मी."

"सगळी?"

"सगळी."

काकूंनी पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. त्या नजरेत दया नव्हती. "मंग आता त्येंनी काय वढायचं, सर?"

मातीच्या भेगेतून धुराची बारीक रेघ वर आली. सरांनी उसाकडे बघितलं, कुठे पाचट पेटलं नव्हतं. त्यांनी श्वास सोडला तशी रेघ जाड झाली. घाबरून त्यांनी श्वास रोखला. रेघ तुटली. सोडला. पुन्हा आली, गुळाच्या वासाची.

"काकू... काहीतरी करा..."

"म्या काय करनार? लई सावकाश वढायचे त्ये. घटकाघटका पुरवायचे." काकूंनी खुरपं उचललं, पदराला पुसलं आणि घराकडे वळल्या. जाता जाता म्हणाल्या, "पाईप निम्म्याच्या खाली आला का मातर घाई करायचे."

भेगेतून धूर भराभर येऊ लागला, आणि त्याच्या तालावर सरांची छाती.