रविवारी आखलेली गच्ची

सोलापूरचं ऊन सोलापूरकराला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. त्यात लाइट जाते ती नेमकी भर दुपारी. गेल्या एप्रिलमध्ये एका रविवारी अशीच लाइट गेली आणि कापडगिरणीच्या जुन्या चाळीतले बिरप्पा अज्जा नातीच्या डोळ्यांदेखत कोसळले. "या वेळी निभावलं. पुन्हा ऊन लागलं तर मी काही सांगू शकत नाही," असं डॉक्टर म्हणाले. नातीच्या, म्हणजे दाक्षायणीच्या डोक्यात ते जे बसलं ते बसलंच.

अज्जा चाळ सोडायला तयार नव्हते. दाक्षायणीच्या बाबांनी जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला, त्यांची खोली दाखवली, बाल्कनी दाखवली. म्हाताऱ्याचं आपलं एकच, "माजी माणसं हितं हायती." माणसं म्हणजे गिरणीतले उरलेसुरले सोबती. चाळीच्या टोकाला त्यांचं विरंगुळा केंद्र होतं. दोन कॅरम बोर्ड, एक टीव्ही, भजनाची पेटी, आणि लाइट गेली की नुसती भट्टी. अज्जा गारव्यात येत नाहीत ना, मग गारवाच अज्जांकडे न्यायचा, असं पोरीनं ठरवलं.

इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला होती. वर्गातली बाकीची मुलं बसल्या जागी उरकतील असले प्रोजेक्ट निवडत होती, आणि ही बया उभी राहून म्हणाली, "सर, आम्ही विरंगुळा केंद्र सोलरवर चालवणार." आम्ही म्हणजे कोण, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. मागच्या बाकावरून करकंबचा दिग्विजय ओरडला, "मी हाय की!" मग बघता बघता अख्खी टोळी जमली.

कॉलेज सांभाळून काम करायचं तर वार एकच, रविवार. पॅनेलवर जरा सावली पडली तरी अख्खी ओळ मार खाते, म्हणून पोरांनी आधी गच्चीवर सावल्यांची पाहणी केली. डोक्याला ओले टॉवेल गुंडाळून सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायचं आणि पाण्याच्या टाकीची, डिशची, शेजारच्या भिंतीची सावली सरकेल तशी खडूनं आखत जायची. पश्चिमेचा तर प्रश्नच नव्हता. तिकडे गिरणी होती, ती कधीच भुईसपाट झालेली. आता नुसतं मोकळं रान आणि खुरट्या बाभळी.

"मावळेपर्यंतचं सगळं ऊन आपल्या बापाचं!" दिग्विजय म्हणाला.

पुढच्या रविवारी पॅनेल चढले. दाक्षायणीनं खटका दाबला आणि पंखे असे गरगरले की भिंतीवरचं कॅलेंडर उडून पेटीवर पडलं. पोरांनी हॉलमध्ये धिंगाणा घातला. बघायला एकटी काशम्मा होती, केंद्राच्या किल्ल्या सांभाळणारी.

"बाकीचे कुठं आहेत, काशम्मा?"

"आज रईवार की. रईवारी कोण येतंय?" काशम्मा म्हणाली आणि कॅलेंडर पुन्हा खिळ्याला अडकवू लागली.

सोमवारी दुपारी तिचाच फोन आला. "पोरी, पंखे रांगायला लागले बघ."

मंगळवारी तेच, बुधवारी तेच. दुपार कलली की पॅनेलची वीज निम्म्याच्या खाली येई आणि उन्हं उतरली की थोडी सुधारे. जोडण्या तपासल्या, इन्व्हर्टर बदलून पाहिला. सगळं ठणठणीत. उद्घाटन आठवड्यावर आलं होतं, पारा रोज चढत होता आणि अज्जा रोज केंद्रावर येत होते. शेवटी गुरुवारी तिनं आणि दिग्विजयनं कॉलेजला दांडी मारली आणि दुपार कलायच्या वेळी गच्ची गाठली.

मधल्या तीन पॅनेलवर सावली होती.

चांगली रुंद, सरळ कडांची, पश्चिमेकडून आलेली. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. दिग्विजयनं पश्चिमेकडे पाहिलं, मग सावलीकडे, मग पुन्हा पश्चिमेकडे. "आयला," एवढंच म्हणाला.

दाक्षायणी कठड्याशी गेली. सावली भिंतीवरून खाली उतरत होती, केंद्राचं अंगण ओलांडत होती आणि बाभळींवरून पार रानाच्या मध्यापर्यंत जात होती. तिथं काहीच नव्हतं. अंगणात मात्र म्हातारी मंडळी एकामागे एक अशा खुर्च्या मांडून बसली होती, एसटीत बसावी तशी. सावली बोटभर सरकली, तशा खुर्च्याही सरकल्या.

ती धडधडत खाली आली. "अज्जा, ही सावली कशाची?"

"चिमणीची."

"गिरणीची चिमणी? ती तर मी बालवाडीत असताना पाडली!"

"पाडली, व्हय. मी बी गेलतो की बगायला."

"मग?"

"मग काय? ऊन लागतंय. बसतो." अज्जांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू म्हणत होते, पोरगी इंजिनिअर व्हायला निघाली आणि हिला सावली कळेना.

"आम्ही दिवस दिवस बसून पाहिलं. तेव्हा नव्हती."

"कवा बगितलं?"

"रविवारी."

"रईवारी गिरणी बंद न्हाय का," अज्जा म्हणाले आणि खुर्ची जरा डावीकडे ओढली.

दिग्विजय हसायला गेला, पण हसू निघेना. "चल, निघू," तो कुजबुजला. पण दाक्षायणीच्या अंगात आता वेगळंच वारं शिरलं होतं. भीती वाटत होती, खोटं कशाला बोला. पण त्याहून जास्त होती ती जिद्द. एवढ्या लांब येऊन सावलीपुढे हात टेकायचे? "सावली आहे ना? मग तिला सावलीसारखंच वागवायचं," ती म्हणाली. "खडू काढ."

दोघांनी संध्याकाळपर्यंत थांबून, सावली सरकत गेली तिथपर्यंतच्या दोन्ही कडा आखल्या. रेघ ओढताना तिचं मनगट सावलीत गेलं आणि अंगावर सर्रकन काटा आला. आत थंडगार होतं, विहिरीत हात घातल्यासारखं. दिग्विजयला ती बोलली नाही. रविवारी टोळीनं सगळे पॅनेल रेघांच्या बाहेर हलवले. मधे लांबलचक पट्टा रिकामा ठेवला. का, ते कोणी विचारलं नाही आणि दिग्विजयनं सांगितलं नाही.

बुधवारी, उद्घाटनाच्या दुपारी, ऊन नुसतं पेटलं होतं. सर आले, नारळ फुटला, आणि त्याच क्षणी गावची लाइट गेली. हॉलमध्ये हाय हाय सुरू होतेय तोच दाक्षायणीनं खटका दाबला.

पंखे फिरले! ट्यूबलाइट लागल्या, टीव्ही लागला, कूलरनं वाऱ्याचा झोत फेकला. पोरांनी आरोळ्या ठोकल्या, काशम्मानं तोंडाला पदर लावला. दाक्षायणीनं अंगणात जाऊन सावलीत बसलेल्या अज्जांचा हात धरला आणि त्यांना आत आणून पंख्याखाली बसवलं. बाकीचेही खुर्च्या उचलून मागोमाग आले. अज्जांनी कपाळाचा घाम पुसला, वर पाहिलं आणि लहान मुलासारखे हसले. दाक्षायणीच्या छातीवर वर्षभर ठेवलेला धोंडा उतरला. ती दाराआड जाऊन घळघळा रडली.

डोळे पुसत तिनं अंगणात पाहिलं.

अंगण रखरखीत होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं ऊन.

ती गच्चीवर धावली. खडूच्या दोन रेघांच्या मधे लख्ख ऊन पडलं होतं. तिनं हात टेकला तर चटका बसला. गेली! खरंच गेली! आता मधलाही पट्टा भरता येईल, आणखी पॅनेल, आणखी पंखे. दोन-दोन पायऱ्या उतरत ती हॉलच्या दाराशी आली. "अज्जा! सावली गेली!"

कोणी मागे वळून पाहिलं नाही.

कॅरम थांबला होता. टीव्ही चालू होता, पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळ्या ट्यूबलाइट लागलेल्या होत्या, आणि त्यांच्या खाली, फरशीवरून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक रुंद, सरळ कडांचा काळा पट्टा पडला होता.

म्हाताऱ्यांनी त्यात एकामागे एक खुर्च्या मांडल्या होत्या.

दिग्विजय दाराला पाठ लावून उभा होता.

ती अज्जांपर्यंत कशीबशी गेली. पट्ट्यात पाऊल पडताच पोटऱ्यांपर्यंत गारठा चढला. "अज्जा, उठा. घरी चला."

"आत्ता कसं?" अज्जा हळू आवाजात म्हणाले. "दुपारपाळी सुटू दे की."

त्यांच्या केसांवर, भुवयांवर, खांद्यांवर कापसाचे बारीक पांढरे तंतू बसले होते. दाक्षायणीनं ते झटकले. तेवढ्या जागी पुन्हा बसले.

डोक्यावर पंखा भरधाव फिरत होता, आणि एकही तंतू उडत नव्हता.