एक जागा जास्त

"तुमच्याकडे एक जागा जास्त आहे," ती म्हणाली.

त्याने वर न बघताच शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. "बसा ना."

"खुर्चीचं नाही म्हणत... चौदाव्या ओळीत. 'पोर्ट' या शब्दाच्या आधी."

तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

डायलिसिस केंद्राची ती बाहेरची खोली. मामाला आत चार नंबरच्या खुर्चीवर बसवून ती पहिल्यांदाच तिथे थांबली होती. पाणी प्यायला उठली आणि या माणसाच्या मागे उभी राहून त्याच्या लॅपटॉपचा स्क्रीन वाचू लागली. असं वाचणं बरं नव्हे, हे तिला कळत होतं. पण ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हेच तिचं काम. हाताला सवय, डोळ्यालाही.

"तासभर शोधतोय," तो म्हणाला. "सर्व्हर नुसता म्हणतो, सेटिंगची फाइल वाचता येत नाही. का, ते सांगत नाही."

"सांगतो की. तुम्ही शेवटची ओळ वाचताय. पहिली वाचा."

त्याने ती एक मोकळी जागा खोडली. सर्व्हर सुरू झाला.

"चालला!" तो असा ओरडला की सिस्टर आतून बाहेर आल्या.

"चार नंबरच्या मामांची भाची ना तुम्ही? बसा खाली. आणि यांना गप्प बसवा."

ती बसली.

मग मंगळवार, गुरुवार, शनिवार, असे वार ठरूनच गेले. आत तीन नंबरवर त्याची आई, चारवर तिचा मामा. मामाने त्याचं नाव टकटक ठेवलं, कारण काचेच्या दारातून त्याची कीबोर्डवरची बोटं तेवढी दिसत. अहो-जाहो दुसऱ्या आठवड्यात गळून पडलं.

तो काय बनवत होता, ते साधं होतं. प्रत्येक केंद्रात कधी ना कधी एखादी खुर्ची रिकामी होते. कुणी गावाला जातं, कुणी दवाखान्यात भरती होतं. ते बाकीच्यांना कळत नाही आणि घरची माणसं फोन करकरून थकतात.

"म्हणून हा एपीआय," तो म्हणाला. "खिडकीवर जाऊन विचारावं तसं. जागा आहे का? आहे किंवा नाही. बस्स. कुठल्याही फोनवरून, कुठल्याही केंद्रातून. आणि सगळी साधनं फुकटची, उघडी. आत डोकावून बघता येतं."

"डोकावते मग," ती म्हणाली, आणि त्याच दुपारी तिने एक तारीख टाकून तो बंद पाडला.

"तीस फेब्रुवारी?" तो कपाळाला हात लावून म्हणाला. "तीस फेब्रुवारीला कोण येणार आहे?"

"घाबरलेला माणूस काहीही टाइप करतो. त्याला नीट उत्तर द्यायला हवं. असं कोलमडून कसं चालेल?"

"तू समोर बसलीस की कोलमडतोच," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"सर्व्हर म्हणतोय मी."

ती हसली नाही. पाण्याचा पेला तोंडाला लावला, म्हणजे हसलेलं दिसू नये.

पण एक गोष्ट तिने त्याला सांगून टाकली होती, आणि आता तीच आडवी येत होती. मामाचं घर इथून दीड तासावर. परत जाताना मामा खिडकीच्या काचेला डोकं टेकायचा, एक शब्द बोलायचा नाही. घरापासून दहा मिनिटांवर एक केंद्र होतं, पण कित्येक महिने भरलेलं. तिथली खुर्ची मिळावी म्हणूनच ती या कामाला लागली होती. आणि मिळाली, की ही खोली संपली.

हवंही होतं, नकोही होतं.

एका शनिवारी तो म्हणाला, "तुमच्या घराजवळचं केंद्र यात यायला तयार झालंय. मंगळवारी सुरू करू."

"इतक्यात?"

"का? चाचण्या राहिल्यात?"

"राहिल्यात... असं नाही."

तो कीबोर्डकडे बघत राहिला. "मामा फार थकतात गं."

"हो," ती म्हणाली.

मंगळवारी अकरा वाजता त्याने सगळं सर्व्हरवर चढवलं. साडेअकराला पहिली खरी जागा आली. घराजवळच्याच केंद्रात, कायमची, गुरुवारपासून. तिथला कुणी लेकीकडे राहायला चालला होता. तिने स्वतःच्या हाताने मामाचं नाव टाकलं.

"मिळाली," ती म्हणाली.

"मिळाली," तोही म्हणाला. आनंदाने म्हणायला गेला, पण जमलं नाही.

तेवढ्यात सिस्टर फोन नाचवत बाहेर आल्या.

"टकटक, हे कुठलं नवीन केंद्र? पत्ता नाही, नंबर नाही. 'माझ्या शेजारची खुर्ची'. एकूण जागा एक. शिल्लक शून्य. राखीव... मामांची भाची."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

आतून त्याच्या आईचा आवाज आला, "सिस्टर, मुदत वाचा की! मुदत काय लिहिलीय मेल्याने?"

"'तिला हवी तोवर.'"

मामा इतका हसला की मशीन टूं-टूं वाजू लागलं आणि सिस्टर आत पळाल्या.

"नमुन्याची नोंद होती ती," तो पुटपुटला. "चाचणीपुरती. नमुने दाखवा, हो की नाही... तिथे 'नाही' करायचं राहिलं. काढतो. लगेच काढतो." त्याने पासवर्ड दोनदा चुकवला.

"कधी केली होतीस?"

"आठवत नाही."

तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. बदलांच्या इतिहासात सगळं राहतं, तारीख-वेळेसकट. पहिला मंगळवार. चौदावी ओळ दुरुस्त झाली, त्यानंतर दहा मिनिटांनी.

तिने ती तारीख पुन्हा एकदा वाचली.

"सर्व्हरवरून काढ," मग म्हणाली. "लोकांचा गोंधळ होईल. तुझ्या लॅपटॉपवर राहू दे."

"पण गुरुवारपासून तू येणार नाहीस."

"मामा येणार नाही. त्याला आता सोबत लागायची नाही, घर जवळ आहे. माझा गुरुवार मोकळा."

"दीड तास यायचं, दीड तास जायचं..."

"तीस फेब्रुवारीला बोलावलं असतंस, तरी आले असते," ती म्हणाली, आणि या वेळी पेला तोंडाला लावला नाही.

गुरुवारी ती पोचली, तेव्हा खोली अर्धी रिकामी होती. तरी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर पिशवी होतीच. ती मागे जाऊन उभी राहिली.

"तुमच्याकडे एक जागा जास्त आहे."

त्याने वर न बघताच पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"जास्त नाही," तो म्हणाला. "बरोब्बर आहे."