गुहेतली गिनती

आत गेली तेव्हा माणसं पाच होती. चार घरची आणि एक गाईड. लाइफ जॅकेटं पाच. डोक्याला बांधायचे दिवे पाच. कातळाला ठोकलेला एक निळा दोर. पाणी न शिरणाऱ्या पाकिटात एक मोबाइल, रेकॉर्डिंग चालू.

बाहेर आली तेव्हाही माणसं पाचच होती.

जॅकेटं चार. दिवे चार.

ही घटना खरी आहे. ज्या घरात घडली त्या घरी मी जेवले आहे. रेकॉर्डिंगं मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहेत. बेटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथे आजही लोक हौसेने पोहायला जातात.

संपदा माझी मैत्रीण. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली. बंद खोलीत आवाज किती वेळ घुमतो, हा तिच्या प्रबंधाचा विषय होता. भुताखेतांच्या गोष्टींना हसणारी मुलगी. तिचे वडील गुणवंत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अधिकारी. आई अहिल्या. धाकटा भाऊ यतीन, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात पहिल्या मजल्यावर त्यांचं सरकारी क्वार्टर.

या घराची एक जुनी सवय होती. गिनती.

यतीन पाच वर्षांचा असताना प्रगती मैदानाच्या मेळ्यात हरवला होता. गुणवंतांनी मुलांना आधीच पढवून ठेवलं होतं, "हरवलात तर जागचं हलायचं नाही. आपला नंबर बोलत राहायचा. मी येतो."

ते पोहोचले तेव्हा यतीन एका खांबाला चिकटून उभा होता. रडत नव्हता. नुसतं पुटपुटत होता, "चार... चार... चार..."

तेव्हापासून गर्दीत शिरलं, स्टेशनवर उतरलं, घरातली वीज गेली, की गुणवंत खणखणीत आवाजात म्हणायचे, "एक!" मग अहिल्या दोन, संपदा तीन, यतीन चार. चार ऐकू आलं की गुणवंत पुढे चालू लागायचे. मागे वळून बघायची गरजच नाही.

मेच्या सुरुवातीला ते अंदमानला गेले. एलटीसी, म्हणजे सरकारी नोकरांना मिळणारी प्रवासाची सवलत, वाया जाणार होती.

होडीत अहिल्या म्हणाली, "अहो, तुम्हाला टबात बसायची भीती वाटते. गुहेत पोहायला कशाला निघालात?"

"जॅकेट आहे ना? आणि दोर धरून तर जायचंय. इतक्या लांब येऊन हॉटेलातून समुद्र बघितला म्हटलं, तर सेक्शनमधले लोक हसतील."

"बाबा, आत हजेरी लावायला बायोमेट्रिक मशीन आहे का?" यतीन म्हणाला.

गाईडसुद्धा हसला. त्याचं नाव विष्णू. त्याने एकच गोष्ट दोनदा सांगितली. "पानी चढ़ने से पहले बाहर. बरसात में ये गुफा छत तक भर जाती है."

गुहेचं तोंड बुटकं होतं. एका जागी तर हनुवटी पाण्याला टेकवून जावं लागायचं. सगळ्यांत पुढे गुणवंत, मग अहिल्या, मग संपदा, मग यतीन. विष्णू शेवटी.

वाकायची जागा ओलांडली, आणि आत एकदम मोठी पोकळी.

पाणी थंड. छत उंच. साधं शिंकलं तरी आवाज फिरत राहायचा.

विष्णू म्हणाला, "सब लोग लाइट बंद कीजिए. एक मिनट."

दिवे विझले. पाण्याखालून निळा उजेड झिरपत आला. पाणी दिसत होतं. माणसं दिसत नव्हती.



मग सवयीने गुणवंत म्हणाले, "एक!"

"दोन."

"तीन."

...

...

"चार."

"शाब्बास. चला."

पाणी चढू लागलं होतं. विष्णूने घाई केली. दिवा लावून तो पुढे झाला, बाकीचे दोर धरून मागोमाग. संपदाला वाटलं, यतीन विष्णूबरोबर पुढे आहे. विष्णूला वाटलं, तो मागे आहे.

गिनती बरोबर आली होती. कुणी वळून पाहिलं नाही.

बाहेर आले, तर यतीन खडकावर बसला होता.

अंगावर जॅकेट नाही. कपाळावर दिवा नाही.

केस... कोरडे.

"तू कधी बाहेर आलास?" संपदाने विचारलं.

"मी आत गेलोच नाही, दीदी. त्या वाकायच्या जागी फाटली यार माझी. परत फिरलो. जॅकेट, दिवा, सगळं गेलं वाहून."

गुणवंत हसले. "मग आत चार कोण म्हणालं?"

"मला काय माहीत? दीदीने मस्करी केली असेल."

संपदाने आईकडे बघितलं. आईने तिच्याकडे. दोघींना वाटलं, दुसरीनेच केली असेल.

विष्णू मात्र यतीनकडे बघत उभा राहिला. रोज तो होडीत सगळ्यांचा फोटो काढून द्यायचा. त्या दिवशी तो होडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला, आणि किनारा येईपर्यंत त्याने मान वर केली नाही.

दिल्लीत उकाडा वाढला होता. पहिले काही दिवस नीट गेले.

मग बारीकसारीक गोष्टी कमी होऊ लागल्या.

यतीन अंघोळ करताना गुणगुणायचा. ते थांबलं. तो अंघोळ करून यायचा, पण टॉवेल कोरडा असायचा. जेवताना पानात वरून मीठ घ्यायची त्याला खोड होती, त्यावरून रोज बोलणी खायचा. आता मिठाच्या बरणीकडे तो बघतही नव्हता.

आणि जिना.

कॉलेजातून आला की तो खालूनच ओरडायचा, "दीदी, दार!" त्या जिन्यात आवाज वरपर्यंत घुमत जायचा. शेजारचे वैतागायचे.

तो अजूनही ओरडत होता.

पण जिना... घुमत नव्हता.

जूनमधली एक संध्याकाळ. स्वयंपाकघरात अहिल्या पोळ्या करत होती. गुणवंत टीव्हीसमोर, संपदा हॉलमध्ये लॅपटॉपवर. वीज गेली. इन्व्हर्टर दोन दिवसांपासून बंदच होता.

"एक!" गुणवंत.

"दोन," स्वयंपाकघरातून.

"तीन," संपदा.

...

"चार."

आवाज बाथरूमकडून आला.

"अरे, अंधारात तिथे काय करतोयस? पडशील घसरून," अहिल्या ओरडली.

आणि संपदाच्या पाठीमागून, बाल्कनीच्या दारातून, शांत आवाज आला...

"मी इथे आहे, आई. मी अजून बोललोच नाही."

वीज आली. बाथरूमचं दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं. फरशी कोरडी होती.

गुणवंत चिडले. "पाइपातून येतात आवाज. वरच्या मजल्यावरचं पोरगं असेल."

संपदा वाद घालत बसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने चांगला माइक आणला. संध्याकाळी स्वतःच सगळे दिवे बंद केले.

"बाबा, गिनती."

"आता कशाला?"

"करा ना. प्लीज."

एक. दोन. तीन.

...

"चार."

तिने यतीनचा हात घट्ट धरून ठेवला होता. त्याचे ओठ हलले नव्हते.

संपदाला एवढं ठाऊक होतं की आवाज विरायला लागणारा वेळ खोटं बोलत नाही. जेवढी मोकळी हवा, तेवढा आवाज जास्त वेळ घुमतो. त्यांच्या हॉलमध्ये तो अर्ध्या सेकंदात विरायचा. एक, दोन, तीन तसेच विरले होते.

चार विरायला ४.१ सेकंद लागले होते.

तिने गुहेतलं जुनं रेकॉर्डिंग काढलं. त्यातला चार मोजला.

४.१ सेकंद.

मग तिने विष्णूला फोन लावला. हॉलमध्ये, स्पीकरवर, आई-बाबांसमोर. यतीन कॉलेजात होता.

"विष्णू भैया, उस दिन मेरा भाई रास्ते से वापस मुड़ा था ना?"



"मैडम, सबसे पीछे मैं था. वो जगह इतनी तंग है कि मुझे हटाए बिना कोई वापस नहीं आ सकता. चारों मेरे आगे अंदर गए थे. मैंने गिने थे."

"फिर बाहर जो बैठा था..."

"मैं उस दिन के बाद उस गुफा में नहीं गया, मैडम."

संपदाने फोन ठेवला. गॅसवरची भाजी करपल्याचा वास आला तरी अहिल्या उठली नाही.

रात्रीचं जेवण वाढताना तिने यतीनला विचारलं. आवाज अगदी साधा ठेवून.

"बाळा, मेळ्यात हरवला होतास तेव्हा खांबापाशी उभा राहून काय म्हणत होतास रे? आठवतं?"

यतीन हसला. पोळीचा तुकडा मोडला.

"मी कधी हरवलोच नाही, आई."

त्यानंतर रोज तिन्हीसांजेला गिनती होऊ लागली. दिवे संपदाच बंद करायची. यतीन त्या वेळी उठून बाल्कनीत जायचा आणि पाठ करून उभा राहायचा.

अहिल्या प्रत्येक वेळी विचारायची, "बाळा, कुठे आहेस? बरा आहेस ना? काहीतरी बोल."

उत्तर एकच यायचं.

"चार."

त्याला तेवढंच शिकवलं होतं. जागचं हलायचं नाही. नंबर बोलत राहायचा.

संपदा रोज मोजत होती. पहिले काही दिवस ४.१ च्या आसपास.

मग ३.६.

मग ३.१.

तिला आधी वाटलं, माइक बिघडला. तिने दुसरा आणला. भरती-ओहोटीच्या वेळा काढल्या, त्यांचा फरक वजा करून पाहिला. आकडा तरी खालीच येत होता.

त्या दिवशी ती आईजवळ जाऊन बसली.

"आई, तिकडे पावसाने जोर धरलाय. गुहेत पाणी चढतंय. पाणी चढलं की हवेची जागा कमी होते. हवा कमी झाली की आवाज लवकर विरतो."

अहिल्याला शास्त्र कळत नव्हतं. हे कळलं.

"किती हवा उरली आहे?"

"पूर्वीपेक्षा बरीच कमी."

गुणवंत खिडकीशी उभे होते. पाइपातल्या आवाजाबद्दल ते पुन्हा कधी बोलले नव्हते.

"मी येतो म्हणालो होतो त्याला," ते म्हणाले. "बाहेर येताना मी साधं वळूनसुद्धा बघितलं नाही."

पहिल्या विमानाने ते निघाले. साठीला टेकलेला माणूस. पोहता न येणारा. निघताना त्यांनी बॅगेत एक जास्तीचं लाइफ जॅकेट घातलं.

दाराशी यतीनने त्यांना वाकून नमस्कार केला.

"सांभाळून, बाबा."

गुणवंतांचा हात त्याच्या डोक्याजवळ गेला... आणि तिथेच थांबला.

बेटावर बंदराला धोक्याचा बावटा लागलेला. समुद्र खवळला होता, होड्या बंद. विष्णू त्यांना भेटायला आला, पण हात जोडून परत गेला. गुणवंत रोज सकाळी धक्क्यावर जाऊन बसायचे. कोस्ट गार्डला अर्ज, पोलिसांना अर्ज. अर्जात काय लिहायचं, हाच प्रश्न होता. मुलगा हरवला म्हणावं, तर मुलगा दिल्लीत घरी, रोज कॉलेजात जाणारा.

गिनती आता फोनवरून व्हायची.

"एक," धक्क्यावरून. मागे वारा आणि लाटा.

"दोन."

"तीन."

"चार."

२.२.

१.४.

०.९.

परवाचीच संध्याकाळ. मी त्यांच्याकडे गेले होते. यतीनने मला पाणी आणून दिलं, अभ्यासाचं विचारलं. हसरा, नीट वागणारा मुलगा. मग संपदाने दिवे आणि पंखा बंद केला आणि फोन टेबलावर ठेवला.

"बाबा, होडीचं काय?"

"उद्या बघू म्हणतात. रोजच उद्या म्हणतात." त्यांचा घसा बसला होता. "चल. एक."

"दोन," अहिल्या म्हणाली. तिने टेबलाची कड धरली होती.

"तीन."

वाऱ्याचा आवाज. पंख्याची पाती फिरत फिरत थांबली...

...

...

"चार."

आवाज अगदी जवळून आला. तोंडाशी काहीतरी आल्यासारखा. लगेच तुटला.

"येतो रे," गुणवंत फोनमधून ओरडत होते, "येतो मी, हलू नकोस, येतो..."

संपदाने दिवे लावले. हेडफोन घातला. पडद्यावरची रेघ मोठी केली, दोन टोकं धरली. तिचा हात स्थिर होता. मी शेजारून बघत होते.

बाल्कनीचं दार सरकलं.

आपण रोज हे कशासाठी करतो, ते तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं.

"आज किती आलं, दीदी?"

तिने आकडा लिहिला.

०.२ सेकंद.