चांदीला न बधणारे जंतू

"जरा थुंकून द्याल का?"

डेंटल कॉलेजच्या व्हरांड्यात बसलेल्या गार्गीनं दचकून वर पाहिलं. आत तिच्या आईच्या कवळीचं माप घेणं चालू होतं, आणि समोर पांढऱ्या कोटातला एक उंच, सावळा मुलगा हातात झाकणाची नळी धरून उभा होता.

"काय?"

"म्हणजे... लाळ. रिसर्चसाठी." त्याची नजर तिच्या चपलांवर खिळली होती. "मी डॉक्टर धम्मानंद. इथंच एमडीएस करून राहिलो. चांदीच्या कणांनी तोंडातले जंतू मरतात काय, ते पाहतो. केसाच्या हजाराव्या हिश्शाहून बारीक असतात हे कण. मले धडधाकट तोंडाची माणसं पाहिजेत."

"माझं तोंड धडधाकट दिसतं?"

त्यानं वर पाहिलं. क्षणभरच... मग पुन्हा चपला.

"दिसते," तो म्हणाला.

गार्गीला हसू आलं. तिनं सही केली, खांबाआड जाऊन नळी भरली, फोन नंबर दिला. आईला घेऊन मनीषनगरच्या घरी परत जाताना तिला वाटलं, बरा होता बिचारा.

आठवड्याभरानं, ती सफारी बुकिंगच्या ऑफिसात एका कुटुंबाला पेंचची जीप मिळवून देत असताना त्याचा फोन आला.

"गार्गी मॅडम, घाबरू नका..."

झालं. ती घाबरली.

"तुमच्या नमुन्यातले जंतू मरून नाही राहिले. जंतू वाढवतो त्या काचेच्या बशीत बाकी सगळ्यांच्या औषधाभोवती जंतू मेल्याचा स्वच्छ गोल पडला. तुमच्या बशीत काहीच नाही. पुन्हा नमुना द्याल? सकाळी, काही न खाता... आणि दात न घासता."

त्या रात्री गार्गी आरशासमोर तोंड उघडून उभी राहिली. आईचे सगळे दात पन्नाशीच्या आत गेले होते; आधी हिरड्या सुजल्या, मग एकेक दात हलायला लागला. गार्गीनं ब्रश फिरवला, थुंकली, आणि बेसिनमध्ये लालसर रेघ दिसली. आधीपासून येत असेल का? तिनं कधी पाहिलंच नव्हतं. आता दुसरं काही दिसेना.

सकाळी ती कॉलेजात पोचली ती तोंडावर ओढणी धरूनच.

"काहून असं?" धम्मानंदनं विचारलं.

"दात न घासता मी कोणाशी बोलत नाही," ती ओढणीतून म्हणाली.

"मग डोळ्यांनी सांगा. मी समजून घेतो."

बोलून तोच इतका गोंधळला की नळी हातातून निसटली. ती दोघांनी एकदमच वाकून उचलली, आणि दोघांपैकी कोणालाच आधी हात सोडता येईना.

नमुना दिल्यावर त्यानं तिला बाहेरच्या ठेल्यावर तर्री पोहे खाऊ घातले. झणझणीत रश्शानं हिरडी चुरचुरली. तिचा चेहरा बघून त्यानं हातातली प्लेट खाली ठेवली.

"रक्त येते?"

तिनं मान हलवली. मग आईबद्दल सगळं सांगितलं... आणि शेवटी, हळूच, "माझेही जातील का?"

"हे दोन्ही एकच आहे, असं मी म्हणू शकत नाही," तो विचार करत म्हणाला. "जंतू चांदीले दाद देत नाही, म्हणजे हिरड्या खराब, असं नसते. पण तपासून घ्या. मी नाही तपासणार, माझी मैत्रीण रितिका आहे हिरड्यांच्या विभागात. ती पाहील."

"तुम्ही का नाही?"

"माझा हात थरथरेल," तो म्हणाला, आणि पोह्यांचे पैसे द्यायला उठून गेला.

रितिकानं तपासलं. दातांच्या मुळाशी कीटण साचलं होतं, हाड शाबूत होतं. साफ केलं की रक्त थांबेल, म्हणाली. गार्गी खुर्चीतून उतरून बाहेर आली. दाराबाहेर धम्मानंद उभा होता. त्यानं तिचा चेहरा पाहिला, आणि सुटकेनं भिंतीला टेकला.

पण त्याचं संकट संपलं नव्हतं. चांदीचं ताजं, पिवळसर द्रावण बनवून त्यानं गार्गीचा दुसरा नमुना तपासला, मग तिसरा. मात्रा दुप्पट केली तेव्हा कुठे बशीत बारीकसा गोल उमटला.

"आमच्या गाइड मॅडम म्हणतात, हा एक नमुना काढून टाक," त्यानं सांगितलं. ती दोघं कॉलेजच्या पायऱ्यांवर बसली होती. "मग निकाल एकदम साफ दिसते. नाही काढला तर परीक्षक विचारतील, आणि माझ्याजवळ उत्तर नाही."

"मग काढ ना. कोणाला कळणार आहे?"

"तुझ्यासारखं तोंड असलेल्या कोणाले उद्या हे औषध दिलं, अन् ते चाललंच नाही तर?" तो म्हणाला. कधी 'तू' झालं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. "तो माणूस म्हणेल, मले आधी सांगितलं काहून नाही?"

गार्गीनं वाद घातला नाही. भीती मात्र वाटली, त्याच्यासाठी.

त्याच्या परीक्षेच्या दिवशी तिनं एकाच माणसाचं दोनदा बुकिंग केलं. सारखी फोनकडे बघत राहिली. दुपार उलटली, फोन आला नाही. शेवटी तो स्वतःच तिच्या ऑफिसात आला, कोट हातावर, शर्ट घामानं ओला.

"नापास?" तिनं विचारलं.

"पास. खूप झाडलं मले तुझ्या नमुन्यावरून. मग एक परीक्षक म्हणाले, यावरच पुढचं काम कर." तो खुर्चीत बसला. हसला नाही. "आता तुले नमुना द्यायला यायची गरज नाही."

"हं."

"तर... मले भीती वाटून राहिली. तू यायचीच बंद झालीस तर?"

"सकाळी सकाळी पारोशा तोंडानं मी कोणासाठी येत होते, असं वाटतं तुला? चांदीसाठी?"

तो बघतच राहिला. मग हळू म्हणाला, "गार्गी, तुझ्या घरी आधी आडनाव विचारतील. मी कामठीच्या बौद्ध घरचा. ते ना मी बदलणार, ना लपवणार."

"लपवू नकोस." तिनं फोन उचलला. "आई, संध्याकाळी एकाला घरी आणतेय. धम्मानंद. कामठीचा... हो, तुझ्या मनात आलं तेच. आणि मला तो आवडतो."

पलीकडे कुकरची शिट्टी वाजली, पुन्हा वाजली. धम्मानंद मेजाची कड घट्ट धरून बसला होता.

"बाबा चिडतील," आई शेवटी म्हणाली.

"माहीत आहे."

"मी बोलते त्यांच्याशी. काय होईल, सांगता येत नाही." मग, "ये घेऊन. जेवून नको येऊ देऊस, इथंच जेवेल."

संध्याकाळी त्याच्या स्कूटरवर ती मागे बसली. मनीषनगरच्या रेल्वे फाटकाशी गाडी थांबली. मालगाडीचे डबे संपता संपेनात.

"घाबरलास?" तिनं विचारलं.

"खूप."

"मी पण," ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. फाटक उघडलं, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. त्यानं तो हात एकदा घट्ट दाबला, आणि स्कूटर पुढे घेतली.