पूर्वेकडची खोली

गोष्ट दोन हजार एकोणीस सालची. त्या वर्षी मोह असा फुलला होता की मोहर्लीत घरोघरी अंगणात फुलं वाळत पडली होती आणि साऱ्या गावाला तो गोड, जड वास चिकटून बसला होता. अशातच एका रविवारी उर्जानगरच्या आदेशनं आपली मोटारसायकल थेट मुखरूभाऊंच्या अंगणातल्या फुलांवर घातली.

"वो भाऊ! डोळे घरी ठेवून आले का?" मुखरूभाऊंची पुनम हातातलं सूप टाकून धावली.

"चुकलं… वेचून देतो." आणि तो खरंच उकिडवा बसून फुलं वेचू लागला.

"राहू द्या. तुमाले अख्खा दिवस लागंल."

"मंग अख्खा दिवस बसतो. फक्त भाऊ नको म्हनू."

"मंग काय म्हनू, साहेब?"

"आदेश."

"कोनाचा?"

तो मान वर करून हसला. पुनमनं सूप उचललं आणि उगाचच पाखडायला घेतलं. सुपात एक फूल नव्हतं.

आदेश वीज केंद्रात नोकरीला होता. त्याचे वडीलही तिथंच होते, आता निवृत्त व्हायचे होते. सारा जन्म जंगलाच्या कडेला गेला, पण वाघ कधी पाहिला नव्हता. त्यांना दोन दिवस सफारीला आणायचं आदेशच्या मनात होतं. प्रश्न एवढाच की उतरायचं कुठं? जंगलाच्या गेटाला लागून एक रिसॉर्ट होतं. एसी होता, पोहायचा तलाव होता, आणि पहाटे उठलं की दाराशीच जिप्सी. नाहीतर गावात मुखरूभाऊंसारखी घरं होती. त्यांनी पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या होत्या. चुलीवरची भाकर, मच्छरदाणी, आणि गेटापर्यंत अंधारात चालत जाणं.

"रिसॉर्टच पाहा तुमी," पुनम म्हणाली. "आमच्या इथी पंखा हाये, पन लाइन गेली का तो बी झोपते."

"गिऱ्हाइकाले असं हाकलते का कोनी?"

"खरं सांगून राह्यली. मांगून नावं नका ठेवू."

पुढच्या रविवारी तो पुन्हा हजर.

"आता काय?"

"मागच्या बारीले खिडकी पाहाची राह्यली."

खिडकी पूर्वेला होती. बाहेर पळस, त्यापलीकडे कुंपण, आणि मग नुसतं जंगल. दोघं खिडकीशी उभे राहिले. तिचा हात गजावर होता. त्यानं आपला हात शेजारच्या गजावर ठेवला… मध्ये बोटभर जागा. त्या बोटभर जागेकडे दोघंही बघत नव्हते, आणि दोघांनाही दुसरं काही दिसत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी सुगंधाबाईंनी, म्हणजे पुनमच्या आईनं, त्याला चहाला बसवून घेतलं. पहिल्याच दिवशी आडनाव विचारून त्यांनी जात काढून घेतली होती. आता जुन्या गोष्टी निघाल्या.

"हिचे आजोबा मले मागाले आले तवा धो-धो पानी. माझ्या बापानं लय हात जोडले, पन रातच्याले आमच्या घरी नाई थांबले. देवळात झोपले सारे. सोयरीक पक्की होईस्तोवर पोरीच्या घरी मुक्काम नसते करत, बाप्पा."

पुनम आत भाकर थापत होती. ही गोष्ट तिनं लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की आता ती तिच्या कानात शिरतच नव्हती. आदेश मात्र कप हातात धरून ऐकत राहिला.

निघताना तो दारात घुटमळला. "येत्या शनिवारी आनतो आईबाबाले. त्या खिडकीच्या खोलीतच राह्यतील ते."

"पक्कं?"

"पक्कं. आन… तुले त्यायच्याशी बोलावं लागंल. नीट."

"मी काऊन? मी कोन?"

"तेच तं त्यायले सांगाचं हाये," असं म्हणून त्यानं गाडीला किक मारली.

तो आठवडा पुनमनं त्या खोलीत काढला. भिंती मातीनं पोतल्या, चादरी उन्हात टाकल्या, आदेशच्या आईला बसून हात धुता यावेत म्हणून खिडकीशी पाट ठेवला. कुरखेड्याच्या अजयचं स्थळ तिला सांगून आलं होतं. धानाची शेती, माणसं चांगली. त्याचे काका हरिदास उत्तरासाठी थांबले होते. पुनमच बापाला म्हणाली होती, "बाबा, शनिवारपर्यंत थांबा."

शनिवारी दुपारी हरिदास दोन माणसं घेऊन ओसरीवर येऊन बसले. पुनम दारात उभी होती. पांढरी गाडी वळणावर आली. पुढं आदेश, मागं त्याचे आईवडील. तिनं पदर सारखा केला. गाडी मंद झाली… आदेशनं काचेतून हात केला… आणि गाडी तशीच पुढं, गेटाकडं निघून गेली.

फोन वाजला. निरोप होता: "रिसॉर्टले उतरून राह्यलो. संध्याकाळी येतो, मंग सारं सांगतो."

सारं सांगतो! काय सांगणार? आईला एसी लागतो? बापाला भाकर चालत नाही? तिनं फोन लावला. बंद. जंगलात शिरताना मोबाइल गेटावर जमा करावे लागतात, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! तरी तिनं लावला, पुन्हा लावला. मागं ती पोतलेली खोली ओल्या मातीच्या वासानं भरली होती. तो वास तिला सहन होईना.

"पोरी," मुखरूभाऊ हळूच म्हणाले, "मानसं खोळंबली हायेत."

"हो म्हना," ती म्हणाली.

"इचार करून सांग."

"केला, बाबा. हो म्हना."

सुपारी फुटली. हरिदासनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला आणि शेवटच्या बसनं ते निघून गेले.

दिवे लागले तसे तिघं पायी आले. आदेशच्या आईच्या हातात पिशवी होती, पिशवीत साडी आणि पेढे. वडिलांनी नवी टोपी घातली होती. दारातच आई हसून म्हणाली, "सुगंधाबाई, वाघ नाई दिसला. पन आमी वाघासाठी आलोच नाई. तुमची पोरगी मागाले आलो."

सुगंधाबाईंनी वळून पुनमकडं पाहिलं.

"पोरगं म्हने त्याच खोलीत उतरू," ती माउली बोलतच होती. "काल रातच्याले त्यानं मनातलं सांगतलं, तवा मी म्हनलं, मंग तं तिथी झोपताच येत नाई! पोरीच्या घरी मुक्काम…" आणि तिची नजर पुनमच्या कपाळावर गेली.

आदेशनंही पाहिलं. "कुंकू… काऊन?"

"तू गेटाकडं गेला," पुनम म्हणाली.

"अवं, तुह्याच साठी गेलो! मले वाटलं तुले समजलंच असंल. तुह्याच आईनं तं सांगतलं होतं…"

तो बापाकडं वळला. "बाबा, काईतरी करा ना."

वडिलांनी टोपी काढून हातात घेतली. "दुसऱ्याच्या घरची सुपारी फुटली, बेटा. उद्या आपल्या पोरीची कोनी अशी मोडली तं?" मग मुखरूभाऊंना हात जोडून ते म्हणाले, "येतो, भाऊ."

पेढ्यांची पिशवी ओट्यावरच राहिली. ती परत न्यायचं कोणाला सुचलं नाही, उघडायचंही नाही.

पुनम कुरखेड्याला नांदते. अजय भला माणूस आहे. धान रोवायच्या दिवसांत तिच्याआधी बांधावर असतो. तिला एक मुलगी आहे. मोहाचा हंगाम आला की पुनम माहेरी यायचं टाळते, कारण विचारलं तर कामाचं सांगते. आदेशनं बदली मागून घेतली. लग्नाचं नाव काढलं की उठून जातो. सुगंधाबाईंनी देवळातल्या मुक्कामाची ती गोष्ट पुन्हा कधी कोणाला सांगितली नाही.

आदेशचे आईवडील दोन वर्षांनी पुन्हा मोहर्लीला आले. वाघ पाहायचा राहिला होता. रिसॉर्टला गेले नाहीत, मुखरूभाऊंकडेच उतरले, पूर्वेकडच्या खोलीत. खिडकीशी ठेवलेल्या त्या पाटावर बसून आईनं हात धुतले, चुलीवरची भाकर खाल्ली आणि रात्री तिथंच झोपली. आता त्या घरी मुक्काम करायला कसलीच आडकाठी नव्हती.